पिको (आसोर्स): लिस्बनहून जाऊन एका दिवसात ज्वालामुखी चढून उतरता येईल का?

म्हादई_काठ
नमस्कार मंडळी. जूनमध्ये लिस्बनला मावशीकडे जाणार आहोत. त्यातले चार दिवस आसोर्स (अटलांटिकमधली पोर्तुगालची बेटे) इथे काढायचे ठरवलेत, आणि एक दिवस पिको पर्वताला द्यायचा विचार आहे. उंची २३५१ मीटर, पोर्तुगालमधला सर्वांत उंच डोंगर, आणि तोही ज्वालामुखी. जाणारे चौघे: मी ५१, सौ. ४८ (डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो), मुलगा २२, भाची १९. चंद्रनाथ, आंबोली, कळसुबाई एवढे झालेले आहे.
सकाळी निघून संध्याकाळपर्यंत खाली येता येते का, वाटाड्या घ्यावा का, आणि इथून काय न्यावे, हे विचारायचे आहे. मुलांचा हट्ट आहे की रात्री चढून माथ्यावर सूर्योदय गाठायचा. आमचे मत अर्थातच उलट. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सांतिनेजकर
पोर्तुगीज इथे गोव्यात ४५१ वर्षे राहून गेले, तुम्ही त्यांच्या डोंगरावर एक दिवस काढताय. हिशेब पुरा व्हायला बराच वेळ लागेल. :)

घसारा
जमते. पण "एकच दिवस" म्हणून सैल राहू नका. वाट सुरू होते काझा दा मोंतान्या या डोंगरघरापाशी, साधारण १२३० मीटरवर. मादालेना गावातून टॅक्सीने अर्ध्या तासात तिथे पोचता. विवराचा काठ २२५० च्या आसपास आणि विवरातला छोटा शंकू, पिकीन्यो, तो २३५१. एका बाजूचे अंतर चार किलोमीटरही भरत नाही, त्यात ११२० मीटर चढ. म्हणजे दर शंभर मीटर चालीला जवळपास तीस मीटर वर. दम खायला सपाटी नाहीच म्हणा.
तासाला ३०० मीटर उंची हा तुमच्या गटाला झेपणारा वेग धरा. काठापर्यंत साडेतीन तास, थांबे धरून चार. पिकीन्योला आणखी अर्धा तास. उतरायलाही तेवढाच वेळ, गुडघा बोलू लागला तर जास्त. एकूण आठ ते नऊ तास.
डोंगरघरात नावनोंदणी सक्तीची आहे. शुल्क भरायचे, सूचना ऐकायच्या, मग हातात जीपीएस यंत्र देतात आणि तुम्ही कुठे आहात ते खालून दिसत राहते. एका वेळी डोंगरावर किती माणसे असावीत यावरही मर्यादा आहे, म्हणून जागा आधी ऑनलाइन राखून ठेवा. पिकीन्योचे शुल्क वेगळे, ते नोंदणीतच सांगायचे.
वाटेवर क्रमांक घातलेले ४७ खुंट आहेत, शेवटचा विवराच्या काठाजवळ. एका खुंटावरून पुढचा दिसत नसेल तर तिथेच उभे राहायचे. धुके सरकले की दिसतो. "इथूनच असेल" म्हणून अंदाजाने चालणारा माणूस त्या उतारावर चुकीच्या घळीत शिरतो.

शिरोडकर_मास्तर
कळसुबाई झालंय म्हणजे ज्वालामुखी झालाच की! सगळा सह्याद्री ज्वालामुखीचाच. उगीच युरोपात जाऊन धापा कशाला टाकायच्या?

खडकवाचक
मास्तर, अर्धे बरोबर. कळसुबाईचा खडक ज्वालामुखीचा आहे, डोंगर ज्वालामुखी नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वाहिला आणि थरावर थर बसले. नंतर पाण्याने कोरून उरले ते आपले कडे. शंकू नाही, विवर नाही. पिकोचे वय काही लाख वर्षांचे, आणि तो शंकू उद्रेकांनीच रचलेला आहे. बेटावरचे अलीकडचे उद्रेक १७१८ आणि १७२० चे, तेही माथ्यातून न होता अंगावरच्या फाटींतून झाले. त्या लाव्ह्याने झाकलेल्या जमिनीला तिथले लोक 'मिश्तेरियु' म्हणतात.
आणि गोव्याबद्दल म्हणाल तर दख्खनचा बेसॉल्ट आपल्याकडे फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, सत्तरीच्या घाटमाथ्याच्या बाजूला पोचतो. बाकी खाली धारवाडी खडक आणि वर जांभा.
हे सगळे बूट निवडताना कामाला येते. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून गुळगुळीत झालेला, पावसात घसरतो. पिकोचा लाव्हा ताजा, बुडबुड्यांनी भोके पडलेला, कोरड्यात पकड झकास. पण पडलात तर तळहात किसणीवर घासल्यासारखा सोलतो. म्हणून हातमोजे. थंडीचे लोकरी नव्हेत. बागकामाचे, तळव्याला रबर लावलेले. म्हापशाच्या बाजारात सहज मिळतात. पिकीन्यो चढताना दोन्ही हात टेकावेच लागतात.

शिरोडकर_मास्तर
बरं बाबा. वर्गात मागच्या बाकावर बसतो.

डिचोलीची_बाय
म्हादईबाब, वहिनींच्या गुडघ्यासाठी लिहिते. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. गुडघा धरतो तो उतरताना, कारण पाऊल खाली टाकताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलत असतो. तोच तयार करायचा. जिना चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. पणजीत आल्तिनोच्या पायऱ्या आहेत, त्या हळूहळू, प्रत्येक पायरीला दोन सेकंद देत उतरायच्या. एक मजला साधारण तीन मीटर धरा. पिकोचा उतार म्हणजे ३७० मजले. आठवड्यातून तीनदा, ३० मजल्यांपासून सुरू करून दोन महिन्यांत १५० पर्यंत न्या. शेवटच्या आठवड्यात काही करू नका.
दोन काठ्या वहिनींना हव्यातच. चढताना आखूड (कोपर काटकोनात), उतरताना दहा सेंटीमीटर लांब. पिकीन्योपाशी पोचल्यावर मिटून सॅकला बांधायच्या, तिथे हात मोकळे लागतात. विमानात काठ्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत टाका. पॉवर बँकेचं उलट, ती केबिनमध्येच.
आणि नखं. दोन दिवस आधी पायाची नखं कापा. नाहीतर उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आपटत राहतो आणि नख काळंनिळं पडतं. उतरायच्या आधी नाडी सोडून टाच मागे ठोकून पुन्हा घट्ट बांधायची.

पावटो
बूट जुने असतील तर कपाटातून आताच काढा!! गोव्याच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे पडून राहिलेल्या बुटांचा मधला फोमचा थर आतून कुजतो. वरून नवा दिसतो, घालून तासभर चाललं की तळवा सुटून लोंबतो. पॉलियुरेथेन पाण्याच्या वाफेने तुटतं, गोंद नव्याने लावून उपयोग नाही. अंगठ्याने मधला थर दाबा: भुगा झाला किंवा भेगा दिसल्या तर टाकून द्या. नवे घेतले तर निदान महिनाभर आधी, आणि रुळवून. सोबत थोडी डक्ट टेप आणि चार केबल टाय ठेवा, वाटेत तळवा सुटलाच तर तेवढ्यावर खाली येता येतं.

म्हादई_काठ
@पावटो, आत्ताच दाबून पाहिले. मुलाचे ठीक. माझ्यावर दोन इंची भेग. धन्यवाद, म्हणायला जड जातंय तरी.

मोगाळ_मांडवी
हे सगळं ठीक, पण बाली का नको? बातूर १७१७ मीटर, दोन तासांत माथा, सूर्योदय पाहून नाश्त्याला खाली. मुलांचा हट्टही पुरा.

घसारा
बातूर चांगलाच आहे, पण ते लिस्बनला जाताहेत. डिचोलीला निघालेल्या माणसाला काणकोणचा रस्ता सांगतोयस तू. शिवाय बातूरचा चढ पिकोच्या निम्म्याहून थोडाच जास्त. दोन्ही एका मापात मोजता येत नाहीत.

सूर्योदयाबद्दल मुलांना हे वाचून दाखवा. पिको २८ अंश पश्चिमेला आहे आणि घड्याळ उन्हाळ्यात ग्रीनिचचे, म्हणून तिथे सूर्य घड्याळाच्या बराच मागे चालतो. जूनमध्ये उजाडते साडेसहाच्या सुमारास आणि मावळतो रात्री नऊनंतर. माथ्यावर सहाला असायचे तर एकला खालून निघायचे. म्हणजे पाच तास डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात, पुढचा खुंट शोधत, झोपेशिवाय. आणि खरा धोकादायक भाग, उतार, दमलेल्या पायांनी. रात्री चढायचेच तर वाटाड्यासह चढा. दिवसा खुंट आणि यंत्र असताना नेहमी चालणाऱ्यांना वाटाड्याची सक्ती नाही. तुमच्या गटात मात्र एकाचा गुडघा आहे, कोणी मागे राहिले तर गट फुटतो. वाटाड्या घ्या असेच सांगेन. मुले पुढे पळतात, त्यांना आवरायलाही उपयोग होतो.

दर्याक_भरती
सूर्यास्ताचा मुद्दा आला म्हणून: रात्री नऊपर्यंत उजेड आहे म्हणून लोक अकराला निघतात. ते बरोबर नाही. दुपारनंतर ढग वर चढतात. सकाळी सातला सुरुवात, आणि दुपारी एक ही परतायची वेळ. एकला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, काठ शंभर पावलांवर असला तरी. ती वेळ खाली असतानाच ठरवा, कारण वर गेल्यावर चौघांपैकी तिघे "अजून थोडंच" म्हणतात.

सांतिनेजकर
आमच्याकडे "अजून थोडंच" हे जेवणानंतर म्हणतात. बेबिंकाच्या ताटापाशी.

फातर्पेकर
पाण्याचं कुणीच बोललं नाही. वाटेवर पाणी मिळत नाही, झरा नाही, टाकी नाही. माणशी तीन लिटर.

खडकवाचक
आणि ते नसण्याचे कारण डोंगरच. एवढा पाऊस पडणारे बेट, पण नवा लाव्हा चाळणीसारखा भोकाचा, पाणी वर टिकतच नाही, सरळ आत झिरपते. म्हणून पिकोवर वाहत्या ओढ्यांची वानवा. जुन्या काळी लोक किनाऱ्याजवळ विहिरी खणत, त्यांत भरतीबरोबर पाणी वर येई, किंचित खारट. मादालेनाच्या आसपास अशा विहिरी पाहता येतात.

दर्याक_भरती
विहिरी आहेत म्हणजे सांजांवाची (सेंट जॉनचा सण, गोव्यात त्या दिवशी विहिरीत उड्या मारतात) सोय झाली! म्हादईबाब, तारखा २४ जूनच्या आसपास आहेत का? तिकडेही सांजांव असतो. तेर्सैरा बेटावर 'सांजुआनिनाश' नावाचा मोठा उत्सव, शेजारच्या फायाल बेटावरही त्या दिवशी सुट्टी. खोल्या, भाड्याच्या गाड्या, बेटांमधली विमानं सगळं आधी भरतं. कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मात्र मारू नका, तिथे ती रीत नाही.

म्हादई_काठ
२० ते २४ जून तिथे आहोत. म्हणजे अगदी त्यातच सापडलो. खोल्या आजच बघतो. खाण्याचे काय न्यावे? सासूबाई चवरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) बांधून देण्याच्या तयारीत आहेत.

डिचोलीची_बाय
चवरीस अजिबात नाही! युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. चवरीस, सुके मांस, पेढे, खवा, तूप, सगळं त्यात येतं. सापडलं तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो. खाजें न्या की! बेसन, गूळ, तीळ, आलं. टिकतं, चुरडत नाही, वर थंडीत चावायलाही मजा. शेंगदाण्याची चिक्की, आंब्याचं साठ. खारं काहीतरी हवंच, घामातून मीठ जातं. ओआरएसची माणशी दोन पाकिटं. जेवण म्हणून तिथलाच पाव आणि चीज घ्या, बेटांचं चीज नावाजलेलं आहे.
दर तासाला थोडं थोडं खायचं. चार तास उपाशी चढून वर एकदम जेवलं की उतरताना पोट आणि पाय दोन्ही जड.

मोगाळ_मांडवी
जेवणावरून आठवलं, साओ मिगेल बेटावर फुर्नाशला जमिनीत पातेली पुरून 'कोझीदु' शिजवतात. मांस, कोबी, बटाटे, सगळं ज्वालामुखीच्या उष्णतेवर, सहाएक तास. मला विचाराल तर ज्वालामुखी एवढाच पुरे.

शिरोडकर_मास्तर
मागच्या बाकावरून याला अनुमोदन.

घसारा
साओ मिगेल दुसरे बेट आहे, विमानाने जावे लागते. चार दिवसांत तेही घातलेत तर पिको गेलेच समजा.

कपड्यांविषयी. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते. बंदरात २२ असेल तर माथ्यावर ७ च्या आसपास, आणि वर वारा. गोव्यातून जाणारा माणूस इथेच फसतो: खाली टीशर्टवर घाम, काठावर दात वाजतात. अंगालगत सुती काही नको, घामाने भिजून गार पडते आणि तसेच राहते. सिंथेटिक किंवा मेरिनो, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. आपला पावसाळी पोंचो तिथे चालत नाही, वाऱ्यात तोंडावर उडतो आणि पाय दिसेनासे होतात. ढगांच्या वर आलात की ऊन कडक, म्हणून टोपी, गॉगल, सनस्क्रीन. माणशी एक हेडटॉर्च, दिवसाचा ट्रेक असला तरी. आणि एक सुकी मोज्यांची जोडी.

पावटो
+१. सनस्क्रीन कानाच्या पाळीला विसरू नका.

दर्याक_भरती
हवामानाचा अंदाज कसा वाचायचा ते सांगतो, कारण मादालेनातून वर बघून ठरवणारे दोन्हीकडून फसतात. बऱ्याचदा ढगांचा पट्टा डोंगराच्या मध्यावर असतो आणि वर लख्ख ऊन. खालून वाटतं गेला दिवस. उलट कधी गावात ऊन आणि माथ्यावर टोपीसारखा एकच गोल ढग, तो मात्र जोरदार वाऱ्याचं लक्षण. फोनवरच्या गावाच्या अंदाजाचा उपयोग नाही. विंडीसारख्या ॲपमध्ये उंची बदलून बघा: तिथे उंची हवेच्या दाबात असते, ८५० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १५०० मीटर, ७५० म्हणजे साधारण २५००. त्या वरच्या पातळीला वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे दाखवत असेल तर पिकीन्यो विसरा, ५० च्या पुढे असेल तर डोंगरच विसरा. शिवाय सकाळी डोंगरघरात विचारा. ते रोज तिथेच असतात, "आज नको" म्हणाले तर वाद घालू नका.

फातर्पेकर
म्हणजे जागा आधी राखायची आणि हवा आदल्या दिवशी कळणार. मग जमवायचं कसं?

घसारा
हाच खरा प्रश्न आहे, आणि बहुतेकांची योजना इथेच कोसळते. लोक बेटावरचा शेवटचा दिवस डोंगराला ठेवतात, आधी फिरून घेऊ म्हणून. तो दिवस ढगाळ निघाला की संपले. उलटे करा. चारही रात्री मादालेनात राहा. डोंगराचा दिवस दुसरा धरा, तिसरा राखीव. दोन्ही दिवसांत तारीख बदलून मिळते का, रद्द केल्यास पैसे किती जातात, हे राखतानाच वाटाड्याला विचारा. बाकी सगळे कार्यक्रम असे ठेवा की कोणत्याही हवेत होतील.

खडकवाचक
त्यासाठी दोन पर्याय, दोन्ही ज्वालामुखीचेच. पहिला ग्रुता दाश तोरेश, पिकोवरची लाव्ह्याची नळी. वरचा थर गोठला, आतला लाव्हा वाहून गेला आणि पोकळी उरली; लांबी ५१५० मीटर, पोर्तुगालमधली सर्वांत लांब. थोडा भाग वाटाड्यासोबत बघता येतो. पावसाचा काही संबंध नाही.
दुसरा फायालवरचे कापेलिन्योश. मादालेनाहून फायालच्या ओर्ता बंदराला फेरीबोट अर्ध्या तासात जाते. कापेलिन्योशला २७ सप्टेंबर १९५७ ला समुद्रात उद्रेक सुरू झाला, तो १९५८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालला. नवी जमीन बेटाला येऊन चिकटली. किनाऱ्यावरचे दीपगृह राखेत अर्धे गाडले गेले, ते अजून तसेच उभे आहे. घरेदारे गेलेल्या कित्येक कुटुंबांनी अमेरिका गाठली, त्यांच्यासाठी तिथे १९५८ मध्ये खास कायदा झाला. तिथे चालणे दीड-दोन तासांचे, वहिनींचा गुडघाही खूश. मऊ राख आहे, लाटांनी रोज झिजते आहे, तेव्हा आखलेली वाट सोडायची नाही.

शिरोडकर_मास्तर
हे मला आवडलं. राखेवर चालायचं आणि फेरीबोटीने परत. आपली रायबंदर-चोडण काय कमी आहे?

पर्वरीची_पोर
एक शंका: माथ्यावर वाफा येतात म्हणे? धोका असतो का? (प्रश्न आईचा आहे, माझा नाही.)

खडकवाचक
पिकीन्योच्या खडकांतून कोमट वाफ येते, हात धरला तर ऊब लागते एवढीच. तरी खाच-खळग्यात तोंड घालून बसायचे नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, वास नसतो, खोलगट जागी साठतो. कुठल्याही ज्वालामुखीवर उंच, वारा लागेल अशा जागी बसावे. आणि दगड खिशात घालून आणू नका. संरक्षित क्षेत्र आहे.

डिचोलीची_बाय
आईला सांग, पोरी, त्या डोंगरावर वाफेपेक्षा सुटे दगड वाईट. वरच्या माणसाच्या पायाखालून दगड सुटला तर त्याने ओरडायचं, खालच्याने वर न बघता खडकाला चिकटायचं. दोघांत अंतर ठेवा आणि एकाखाली एक सरळ रेषेत चालू नका. काही झालंच तर आपत्कालीन क्रमांक ११२, संपूर्ण पोर्तुगालमध्ये तोच.

म्हादई_काठ
सगळ्यांचे आभार. इथवर वाचून अशी आखणी केली, चुकत असेल तर सांगा.
२० जून: मादालेनात मुक्काम, सामान लावून लवकर झोप. २१: डोंगर. सहाला टॅक्सी, साडेसहाला नोंदणी, सातला चाल. अकरापर्यंत काठ. साडेअकराला वारा बघून पिकीन्यो, सौ. विवरातच थांबणार. साडेबाराला उतरायला सुरुवात, परतायची वेळ दुपारी एक. पाचपर्यंत खाली. २२: राखीव. २१ ला जमले तर २२ ला नळी, २३ ला कापेलिन्योश. २४ ला परत. वाटाड्या घेतोय. रात्रीचा चढ रद्द, मुलांनी तोंडे फुगवली आहेत.

घसारा
चांगली आहे, पण दोन बदल. वहिनी विवरात एकट्या नकोत. त्या थांबल्या तर सोबत एकजण थांबेल, आणि गरम जाकीट त्यांच्यापाशी राहील, कारण बसून राहिलेला माणूस चालणाऱ्यापेक्षा लवकर गारठतो. वाटाड्या पिकीन्योला गेलेल्यांबरोबर. दुसरे, परतीच्या टॅक्सीची वेळ पाच सांगू नका, सहा सांगा. टॅक्सी खाली थांबली आहे म्हणून घाईने उतरणे हेच घसरण्याचे मोठे कारण असते. चालकाचा क्रमांक घेऊन ठेवा, लवकर आलात तर बोलवा.

पावटो
आणि जीपीएस यंत्र परत द्यायला विसरू नका, टॅक्सीत बसल्यावर सॅकमध्ये सापडतं.

पर्वरीची_पोर
मुलांना सांगा, कापेलिन्योशला सूर्यास्त बघा. फायालचं पश्चिमेचं टोक आहे ते. फुगलेली तोंडं उतरतील.

दर्याक_भरती
पण परतीची शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते ते आधी बघा. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, सूर्यास्त बघत बसलात तर ती रात्र ओर्तालाच.